झुंबरबाई हजर

शालिग्राम मास्तरनं तोंड उघडलं की माणसं हसायची. त्याला देणगी म्हणा की खोड म्हणा, पण होतं तसं. उंद्रीच्या शाळेत तो तिसरीचा वर्ग घ्यायचा, आणि गणपतीत, शारदोत्सवात, वाचनालयाच्या वाढदिवसाला, जिथं म्हणून सतरंजी अंथरून माईक लावत तिथं कथाकथनाला जायचा. खामगाव झालं, मेहकर झालं, मलकापूरला तर तीनदा. गोष्टी सगळ्या आपल्या वऱ्हाडी बोलीतल्या. एस.टी.त चढलेला बोकड, धोंड्याचं वाण मागायला आलेला जावई, सासऱ्याचा मारका बैल. मध्येच थांबून, डावी भुवई वर चढवून तो म्हणायचा, "खोटं सांगन तं जीभ झडन, मंडळी!" की लोक गडाबडा लोळायचे. आठ वर्षं हे चाललं होतं, आणि मास्तरला त्याचा तोरा होता, उगाच नाही कशाला म्हणायचं.

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात बुलढाण्याहून भगवानराव वकिलांचं कार्ड आलं. हे वकीलसाहेब तिथल्या व्याख्यानमालेचे चिटणीस. "दुष्काळाने लोक गांजले आहेत. शेवटच्या दिवशी पुण्याच्या इतिहासकारांचे व्याख्यान आहे, त्यानंतर आपण येऊन दोन घटका हसवावे. दुष्काळी कामांवरचे मोठे साहेबही येणार आहेत," असं त्यात होतं.

शालिग्रामनं कार्ड वाचलं आणि दप्तरात टाकलं. हसवायचं म्हणे! त्याच्या घरात तीन महिन्यांपासून कोणी हसलं नव्हतं.

कोकिळा त्याची थोरली बहीण. तिला तो बाई म्हणायचा. दिलेली गावातल्या गावात. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. घरात दोन्ही डोळ्यांनी गेलेली सासू झुंबरबाई, आणि एकच लेक, सिंधू. बहात्तरचं साल कोरडं ठणठणीत गेलं तेव्हा माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं, आणि अर्धं गाव तिथं मुरूम वाहायला गेलं. नियम असा की मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या कागदावर, नाव मोठ्या माणसाचंच पाहिजे. पण घरात धडधाकट मोठं माणूस एकच असेल आणि एका मजुरीत भागत नसेल तर काय करायचं? म्हातारीचं नाव लावायचं आणि पोरीला पाठवायचं. हे काही एका घरचं पाप नव्हतं. निम्म्या गावानं तेच केलेलं, मुकादमाला सगळं माहीत, आणि तोही पोटापाण्याचाच माणूस, डोळे मिटून घ्यायचा. रोज सकाळी तो पुकारायचा, "झुंबरबाई!" आणि तेरा वर्षांची सिंधू, आईचं जुनं लुगडं खोचून, चवड्यांवर उभी राहून, आवाज जाड करून म्हणायची, "हाव, हाये!"

माघात एका सकाळी मुरमाच्या खाणीची दरड खाली आली. सिंधू तिथं टोपलं भरत होती. कोकिळाही कामावरच, वीस पावलांवर होती. बायकांनी नखांनी मुरूम उपसला, पण काय उपयोग!

पुढचं ऐका. त्या दिवशीच्या मस्टरवर झुंबरबाई हजर होती, आणि झुंबरबाई तर घरच्या ओट्यावर जिवंत बसलेली. म्हणजे कामावर कोणी मेलंच नव्हतं. मग कागदावर आलं की मजुराची मुलगी खाणीजवळ खेळत असताना दरड कोसळून दगावली. पेपरात चार ओळी आल्या, त्यांत शेवटी "पालकांचे दुर्लक्ष" असंही छापलेलं. शालिग्रामनंच त्या बहिणीला वाचून दाखवल्या, आणि वाचल्याचा त्याला पुढं जन्मभर पस्तावा झाला. गावात कोणी तोंड उघडायला तयार नव्हतं. कसं उघडणार? प्रत्येक घरात एकेक झुंबरबाई होती. एक नाव निघालं असतं तर शंभर निघाली असती, आणि शंभर चुली विझल्या असत्या. त्यांना तरी नावं कशी ठेवायची?

पण कोकिळाच्या नात्यातली माणसं, चिखलीकडची, जाफराबादेकडची, भेटायला यायची आणि निघताना हळूच म्हणायची, "पोरीले तठी खेळू तरी काऊन देलं वं?"

कार्डाचं तिला कसं कळलं कोण जाणे, पण ती दुसऱ्याच दिवशी भावाच्या दारात येऊन बसली.

"शाल्या, तू जातं म्हने बुलढान्याले."

"नाही जात, बाई. कोनत्या तोंडानं हासवू लोकाईले?"

"हासवू नको. माह्या सिंधूची गोष्ट सांग."

तो तिच्याजवळ उंबऱ्यावर टेकला.

"मोठे साहेब येऊन राह्यले ना तठी? पेपरवालेही असतीन. तुह्या समोर माईक असते. एकडाव सांग चार लोकाईत, का माही पोरगी खेळाले नव्हती गेली. कामाले गेली व्हती. बस, इतकंच सांग. मले दुसरं काई नाही पाह्यजे."

"अन् म्हातारीचं नाव? मस्टर खोटं व्हतं हे आपल्याच तोंडानं सांगा लागन. कामावरून तुहंही नाव कापतीन, बाई."

"कापू दे. मान्सं कापल्यावर नावाचं काय घेऊन बसला!"

बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असं शालिग्रामच वर्गात पोरांना सांगायचा. आता बोलायची पाळी त्याच्यावर आली. त्यानं भगवानराव वकिलांना कळवलं, येतो, पण या वेळी गोष्ट गंभीर आहे. मग आठ दिवस बसून त्यानं गोष्ट लिहिली. चांगली पुस्तकी मराठीत लिहिली. मरणाची गोष्ट होती, साहेबांसमोर सांगायची होती. 'ती कोवळी बालिका', 'काळाचा घाला', 'मातेचा आक्रोश', सगळं होतं तिच्यात. कोकिळाला समोर बसवून त्यानं ती वाचली.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "हे कोनाचं सांगून राह्यला तू?"

"कोनाचं म्हंजे? सिंधूचं."

"ह्याच्यात माही पोरगी कुठी हाये? माही पोरगी अशी कधी बोलली का? तिचं तोंड काऊन बदलवलं तू? जशी बोले तशी सांग. अन् ते चवड्यावर उभी राहे ते टाकलं कुठी? ते सांगशीन तंच लोकाईले समजन का ते हाजरीवर व्हती."

बाई बोलली ते खरं होतं. शालिग्रामनं कागद फाडले आणि गोष्ट आपल्या बोलीत बसवली. सिंधूचं चवड्यांवर उभं राहणं घेतलं, जाड आवाज घेतला. मुकादमाचा पुकारा तीनदा घेतला. दोनदा सिंधू ओ देते आणि तिसऱ्यांदा कोणीच ओ देत नाही, अशी त्यानं बांधणी केली. कोकिळासमोर ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा तिसऱ्या पुकाऱ्याला दोघं बहीणभाऊ ओक्साबोक्शी रडले, आणि ओट्यावरून झुंबरबाईनं विचारलं, "काय झालं वं?" शालिग्रामला वाटलं, जमली. एवढी जमलेली गोष्ट आपण आयुष्यात सांगितली नाही.

व्याख्यानाच्या दिवशी दोघं एस.टी.नं बुलढाण्याला गेले. शाळेचा मोठा हॉल होता, ऊन उतरलेलं होतं, खिडक्या उघड्या. पुढच्या खुर्च्यांवर साहेब लोक आणि त्यांच्या मंडळी, मागं वकील-मास्तर-कारकून, सगळ्यांत मागं कॉलेजची पोरं उभी. बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून कोकिळा बसली.

आधी पुण्याचे इतिहासकार बोलले. माणूस मोठा, वाणी रसाळ. शिंदखेडच्या जाधवांवर बोलत होते. दौलताबादेच्या दरबारात एका दिवसात बाप-लेक कसे कापले गेले ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मागची पोरंसुद्धा माना खाली घालून उभी होती. शेवटी ते म्हणाले, "ज्याची नोंद होत नाही, ते घडूनही घडत नाही. म्हणून सांगत राहिलं पाहिजे."

टाळ्यांच्या गडबडीत शालिग्राम बहिणीजवळ गेला. तिचेही डोळे ओले होते.

"पाह्यलं का?" ती म्हणाली. "साडेतीनशे सालं झाले त्या मान्साईले मरून, तरी लोक रडून राह्यले. आपल्या सिंधूले तं तीनच महिने झाले."

तिच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा जरा उजेड दिसला. शालिग्रामला वाटलं, हे लोक ऐकतील. एवढ्या जुन्या मरणाला जे रडतात ते आपल्याला रडणार नाहीत, असं कसं होईल?

भगवानराव माईकपाशी गेले. कळवलेलं ते साफ विसरले होते, नाहीतर त्यांना ते पटलं नव्हतं. "मंडळी, आता डोळे पुसा," ते म्हणाले, "आणि पोटं सांभाळा! आपले लाडके शालिग्राम मास्तर येत आहेत!"

शालिग्राम उभा राहिला तर उभं राहण्यालाच हशा पिकला. त्यानं हात जोडले. "मंडळी, आज मी तुमाले माह्या भाचीची गोष्ट सांगतो," तो म्हणाला. 'तुमाले' म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेत खसखस झाली. अरे, कशाला हसता रे? घरी आईजवळ बसून हेच बोलता ना? 'माय, मले भाकर दे' असंच म्हणता ना? पण नाही. हॉलमध्ये आले, कडक इस्त्रीचे कपडे चढवले, पुण्याचा पाहुणा शेजारी बसला, की आपल्याच आईची बोली ह्यांना विनोद वाटते.

तो नेटानं पुढं गेला. दुष्काळ सांगितला, मिलोच्या, त्या रेशनवरच्या लाल ज्वारीच्या, कडू भाकरी सांगितल्या, हसले. आंधळी म्हातारी मस्टरवर कशी चढली ते सांगितलं, मोठ्यानं हसले. साहेब तर शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! काय पकडलंय!" शालिग्रामच्या मनात आलं, थांबावं? पण मग वाटलं, तिसऱ्या पुकाऱ्याला गप्प होतील. तिथं कोणीही गप्प होईल.

"मुकादम पुकारे, झुंबरबाई! अन् आमची सिंधू..." तो चवड्यांवर उभा राहिला. मान ताणली, गाल फुगवले, आवाज जाड केला. "हाव, हाये!"

हॉल कोसळला. बायका तोंडाला पदर लावून हलायला लागल्या. आता इथं जे झालं ते शालिग्रामनं पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही. एवढा हशा आठ वर्षांत त्याला मिळाला नव्हता, आणि तो त्याच्या अंगात दारूसारखा चढला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगीच नाही. दुसरा पुकारा त्यानं कोकिळासमोर साधा घेतला होता. इथं तो आणखी उंच झाला, लुगडं सावरल्यासारखं केलं, आधी एकदा बारीक आवाज काढून, दचकून, मग जाड केला. हे सिंधूनं कधी केलं नव्हतं. हे त्यानं तिथं उभ्याउभ्या लोकांसाठी काढलं. लोक खुर्च्यांवरून घसरायचे तेवढे राहिले.

मग त्यानं आवाज उतरवला. माघातली सकाळ सांगितली. दरड सांगितली. "सारा मुरूम खाली आला, मंडळी. अन् दुसऱ्या दिवशी मुकादमानं मस्टर उघडलं. पुकारलं. झुंबरबाई!"

तो थांबला. डोळे मिटले. एक, दोन, तीन.

मागून, कॉलेजच्या पोरांतून, कोणीतरी जाड आवाज काढून ओरडलं, "हाव, हाये!"

छप्पर उडेल असा हशा झाला. शिट्ट्या झाल्या. शालिग्रामनं डोळे उघडले. त्याला किंचाळायचं होतं, पण हशा आला की थांबायचं, तोंडावर बारीक हसू ठेवायचं, डावी भुवई चढवायची आणि लाट ओसरू द्यायची, हे आठ वर्षांत त्याच्या तोंडाला शिकवलेलं होतं, आणि तोंडानं ते केलं. तो तिथं उभा राहून हसला. भिंतीपाशी बसलेल्या कोकिळाची आणि त्याची नजरानजर झाली, तेव्हा ते हसू अजून त्याच्या तोंडावर होतं.

"मंडळी, हासू नका," तो म्हणाला. "हे खरं हाये. ते पोरगी मेली. खोटं सांगन तं..."

"जीभ झडन!" सगळ्या हॉलनं एका सुरात पुरं केलं.

"ते खेळाले नव्हती गेली!" तो ओरडला. "कामाले गेली व्हती!"

हेही त्यांना आवडलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. त्याला वाटलं पुण्याच्या पाहुण्यांना तरी कळलं असेल; पण तेही मान हलवून भगवानरावांना सांगत होते की बोलीचा हा बाज फार गोड आहे. साहेब रुमालानं डोळे पुसत होते. हसून हसून आलेलं पाणी होतं ते.

कार्यक्रम संपल्यावर साहेब स्वतः चालत आले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "मास्तर, आमच्या स्टाफच्या संमेलनाला यायचं बरं का. हीच सांगायची, मस्टरवाली. आमच्या लोकांना फार आवडेल."

कोकिळा तीन हातांवर पिशवी धरून उभी होती. हीच वेळ होती. इथं एकट्या साहेबाला, माईकशिवाय, एक वाक्य सांगायचं होतं. साहेब, ही बघा त्या पोरीची आई. एवढंच. पण आठ वर्षं ज्याला ज्याला हात दिला त्याला जे म्हणायची सवय, तेच बाहेर पडलं.

"येतो ना, साहेब," शालिग्राम म्हणाला.

बसस्टँडवर चिखलीच्या गाडीला वेळ होता. दोघं बाकड्याच्या दोन टोकांना बसले. आभाळात अजून लाली होती. त्याला बोलायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता. उंद्रीच्या शालिग्राम मास्तरला, बरं का, शब्द सापडत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "लोकच तसे हायेत, बाई. त्याईले वाटलं, नेहमीसारखी हासायची गोष्ट हाये. त्याईले काय माहीत..."

"त्याईले नव्हतं माहीत," कोकिळा म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तुले तं माहीत व्हतं ना रे? दुसऱ्या डावाले तू ते लुगडं सावरलं. ते पोरगी असं कधी करे का?"

तो ढसाढसा रडायला लागला. तिनं त्याला गप्प केलं नाही.

पलीकडच्या बाकड्यावर एक कारकुनासारखा गृहस्थ आपल्या बायकोला काहीतरी सांगत होता. हॉलमध्ये तो असणार. सांगता सांगता तो उठला, चवड्यांवर उभा राहिला, गाल फुगवले आणि जाड आवाज काढला. बायको हसली. तिच्या कडेवरची लहान पोरगीही टाळ्या पिटायला लागली आणि म्हणाली, "बाबा, अजून एकडाव!" त्यानं पुन्हा केलं.

कोकिळा तिकडं बघत होती. मग भावाकडं न बघताच बोलली.

"खेळाले गेली व्हती म्हनत लोक, मले दोष देत, पन सिंधूचं नाव निघालं का चार मान्सं गप बसत व्हते, शाल्या. आता हासतीन."